पुराना पूल आणि एक कुलूप

गेल्या श्रावणातली गोष्ट. तिन्हीसांजेचा दिवा लावून आम्ही उभयता गॅलरीत बसलो होतो. इतक्यात कन्येने जर्मनीहून पाठवलेले एक छायाचित्र हिच्या मोबाइलवर आले. कन्या कोलोन शहरी औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासासाठी गेली, त्याला आता चार वर्षे होत आली. छायाचित्रात ऱ्हाईन नदीवरचा लोखंडी रेल्वेपूल होता, त्याच्या पादचारी वाटेची जाळी होती आणि त्या जाळीला हजारो कुलपे लगडलेली होती. तांबडी, निळी, पितळी, गंजून काळी पडलेली. एकावर एक अशी दाटलेली की खालची जाळी दिसूच नये. त्या गर्दीत एका लहानशा कुलपावर बोट ठेवलेले होते. कुलपावर दोन नावे कोरलेली. एक आमच्या कन्येचे, दुसरे एका तेलुगू तरुणाचे. नावांखाली तारीख.

सोबत एकच ओळ होती : ‘बाबा, आपल्या हैदराबादेत असा पूल आहे का हो?’

या साध्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले. त्याचे कारण ती तारीख. मुलीने आपला मनोदय आम्हांला कळवला तो संक्रांतीच्या सुमारास. कुलपावरची तारीख त्याआधीच्या मार्च महिन्याची. म्हणजे आम्हांला सांगण्यापूर्वी दहा महिने ते कुलूप त्या पुलावर लागलेले होते.

‘तुला हे ठाऊक होतं?’ मी हिला विचारले.

ही वाती वळत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘मला दिवाळीत कळलं. तुम्हांला सांगायचा धीर होत नव्हता तिला.’

संक्रांतीपासून श्रावणापर्यंत मी ‘हो’ म्हटले नव्हते आणि ‘नाही’ही म्हटले नव्हते. मुलगा हनमकोंड्याचा, सुशील, कष्टाळू, मुलीच्याच विद्यापीठात शिकलेला. त्याच्याविषयी तक्रार करण्यासारखे काहीच नव्हते, आणि हीच माझी मोठी अडचण होती. आमच्या घराण्याच्या पाच पिढ्या या शहरात गेल्या. हुसैनी आलमच्या गल्लीत मी तेलुगू मुलांबरोबर विटीदांडू खेळलो. शाळेत सहकाऱ्यांशी दिवसभर तेलुगूत बोलतो. तरीही घराच्या उंबरठ्याआत येणारी भाषा मराठीच असावी, असे कुठेतरी मनात घट्ट बसलेले होते. घरी जेव्हा जेव्हा हा विषय निघे, तेव्हा मी वर्तमानपत्र उघडून बसत असे.

असो. बोलणे टाळणाऱ्या माणसाला वाचन नेहमीच सोयीचे. मी या कुलपांच्या प्रथेविषयी वाचू लागलो.

या प्रथेचे मूळ म्हणून जी कथा सांगतात, ती सर्बिया देशातल्या व्रन्याच्का बान्या नावाच्या गावची आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिथल्या नादा नावाच्या शिक्षिकेचे रेल्या नामक सैनिकी अधिकाऱ्यावर प्रेम जडले. गावातल्या एका पुलावर दोघे भेटत. रेल्या युद्धावर ग्रीसला गेला, तिथे दुसऱ्याच स्त्रीत गुंतला आणि परतला नाही. नादा झुरून गेली. आपल्यावर अशी पाळी येऊ नये म्हणून गावातल्या मुली आपले व प्रियकराचे नाव कुलपावर लिहून त्या पुलाला लावू लागल्या. पुढे देसांका माक्सिमोविच या सर्बियन कवयित्रीने त्यावर कविता लिहिली आणि ही कथा पुन्हा लोकांच्या तोंडी आली. आज या कुलपांभोवती जो हर्षोल्हास दिसतो, त्याच्या मुळाशी एका शाळामास्तरणीचा झालेला विश्वासघात आहे, हे वाचून मला जरा चुटपुट लागली.

नंतर 2006 साली फेदेरिको मोच्चा या इटालियन लेखकाची एक कादंबरी आली. तिच्यातले प्रेमिक रोमच्या मिल्व्हियो पुलावरच्या दिव्याच्या खांबाला साखळी-कुलूप लावून किल्ली टायबर नदीत टाकतात. झाले! वाचकांनी तेच आरंभले. दुसऱ्याच वर्षी त्या ओझ्याने दिव्याच्या खांबाची मोडतोड झाली आणि 2012 साली नगरपालिकेने कुलपे काढून टाकली. पॅरिसच्या पाँ दे झार या पादचारी पुलाची कथा तर याहून मोठी. जून 2014 मध्ये तिथल्या कठड्याचा एक भाग कुलपांच्या भाराने कोसळला. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये कुलपे उतरवायला प्रारंभ झाला, तेव्हा त्यांचे वजन सुमारे 45 टन असल्याचे सांगण्यात आले. पंचेचाळीस टन प्रेम! नंतर त्यांतली काही कुलपे लिलावात विकून ते पैसे निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थांना देण्यात आले. कुलपांचा सदुपयोग झाला एवढा तोच. कोलोनच्या पुलावर मात्र ती अद्याप आहेत. तिथल्या रेल्वेनेही आरंभी ती काढण्याचे मनात आणले होते. पण लोकांचा विरोध पाहून तो विचार सोडून दिला.

पॅरिसविषयी वाचता वाचता मला दुसरेच काही आठवले. सीन नदीवर ‘पाँ नफ’ नावाचा एक दगडी पूल आहे. या नावाचा अर्थ ‘नवा पूल’. आणि मौज अशी की पॅरिसमध्ये आज उभ्या असलेल्या पुलांत तोच सर्वांत जुना आहे. त्याची कोनशिला बसली 1578 साली. आता आपल्या मुशीकडे वळा. गोवळकोंड्याचा सुलतान इब्राहीम कुतुबशहा याने मुशीवर पूल बांधला तोही 1578 सालचा. सतराव्या शतकात ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या हिऱ्यांच्या व्यापारासाठी इकडे आला, तेव्हा हा पूल ओलांडताना त्याला नेमके पॅरिसच्या ‘पाँ नफ’चे स्मरण झाले, सौंदर्यात हा त्याहून फारसा उणा नाही, असा अभिप्राय त्याने नोंदवून ठेवला आहे. दोन्ही पूल एका वयाचे आहेत, हे त्याच्या ध्यानी आले होते की नाही कोण जाणे. काळाची गंमत एवढीच की तिथला ‘नवा’ तो नवाच राहिला आणि आपला मात्र ‘पुराना’ झाला.

पुराना पूल पाहिला नाही असा हैदराबादी मराठी माणूस सापडणे कठीण. पण त्याच्याकडे लक्ष देऊन पाहिलेलेही थोडेच असतील. त्याला 22 कमानी आहेत. लांबी सुमारे 600 फूट, रुंदी 35 फूट. उत्तरेला कारवान, म्हणजे पूर्वीची सौदागरांची वस्ती. दक्षिणेला पुराना पूल दरवाजा. शहराच्या तटाला असलेल्या वेशींपैकी ज्या थोड्या आज उभ्या आहेत, त्यांतली ही एक. पूल झाला तेव्हा हैदराबाद शहर नव्हते, चारमिनार नव्हता. ते सारे 1591 चे. आधी पूल झाला आणि तेरा वर्षांनी त्या पुलाच्या भरवशावर पलीकडे शहर उठले.

पूल का झाला, याची कथा आमच्या आजीने मला सांगितली आणि मी ती गेली पंचवीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे. मुशीपलीकडे चिचलम नावाचे खेडे होते. तिथली भागमती नृत्यगायनात निपुण. शहाजादा मुहंमद कुली तिच्यावर लुब्ध झाला आणि रोज रात्री गोवळकोंड्याहून घोड्यावर बसून तिला भेटायला जाऊ लागला. एका पावसाळी रात्री मुशीला महापूर आला असता त्याने घोडा तसाच पाण्यात घातला. ही वार्ता सुलतानाच्या कानी गेली. दरबार म्हणाला, शहाजाद्याला कोंडून ठेवा. सुलतानाने पूल बांधवला.

वर्गात या वाक्याशी मी नेहमी थांबत असे. मुलांचे डोळे चमकत. बाप असावा तर असा, असे मी म्हणत असे.

आठ-दहा वर्षांपूर्वी नववीच्या वर्गातली एक मुलगी उठून उभी राहिली. ‘सर, मुहंमद कुलीचा जन्म 1565 चा ना? आणि पूल 1578 चा. मग तो तेरा वर्षांचा होता.’ वर्गात हशा पिकला. मी ‘शाबास, बस खाली’ म्हणालो. पण घरी जाऊन वजाबाकी पुन्हा करून पाहिली. उत्तर तेरा आले. शहाजादा गादीवर आला तोच मुळी 1580 साली, पंधराव्या वर्षी. त्यापूर्वीच त्याची रोज रात्रीची घोडेस्वारी नि महापुरातले साहस खरे मानायचे, म्हणजे कठीणच.

मग मी प्रा. हारून खान शेरवानी यांचे लेखन मिळवून वाचले. कुतुबशाहीचा एवढा मोठा अभ्यासक दुसरा नाही. त्यांना भागमतीची कथा मान्य नाही. सुलतानाने आपल्या दखनी काव्यात अनेक ‘प्यारीं’ची नावे घेतली आहेत, त्यांत भागमती नाही. गोवळकोंड्याच्या पायथ्याशी तारामती आणि प्रेमामती यांच्या कबरी दाखवतात. भागमतीची कबर कुणी दाखवत नाही. हे झाले एका बाजूचे. दुसऱ्या बाजूला फिरिश्ता आहे. त्याच काळात विजापुरी बसून इतिहास लिहिणाऱ्या या बखरकाराने भागमतीचा स्पष्ट उल्लेख केला आहे. अकबराचा वकील म्हणून दक्षिणेत आलेल्या फैजीच्या पत्रातही तिचे नाव येते. शहर वसले आणि लगोलग हे लिहिले गेले, तेव्हा सारेच हवेतून आले असेही म्हणवत नाही. आणि आपल्या मराठी बखरींचे काय? सभासदाने शिवछत्रपतींच्या 1677 च्या कुतुबशाहाच्या भेटीचे वर्णन केले, ते शहर ‘भागानगर’ म्हणून. आमच्या जुन्या मराठी कागदांत हैदराबादपेक्षा भागानगरच अधिक आढळते. या नावावरून आज जे राजकारण चालते, त्यात मला शिरायचे नाही. एवढेच म्हणायचे की भागमती असो वा नसो, तिचे नाव शेकडो वर्षे मराठी कारकुनांच्या बोरूतून उतरत राहिले.

पुलाचे खरे कारण मात्र रुक्ष असावे. गोवळकोंड्याच्या तटाआत गर्दी मावेनाशी झालेली, पूर्वेला मच्छलीपट्टणच्या बंदराशी चालणारा मोठा व्यापार, आणि पावसाळ्यात वाट अडवणारी मुशी. कोणताही शहाणा राजा पूल बांधता. हे कारण मी आता नववीला सांगतो. मुले लिहून घेतात. डोळे चमकत नाहीत.

तर भाद्रपदातल्या एका रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन निघालो. मुलीला उत्तर द्यायचे तर पूल एकदा पाहून घ्यावा, म्हणून. हुसैनी आलमवरून पायी गेलो. आमचे जुने घर होते तिथे आता तीन मजली इमारत उभी आहे; तिकडे न पाहता पुढे गेलो. पुलाच्या दरवाज्यातून आत शिरलो की प्रथम वास येतो : कोथिंबिरीचा, ओल्या गोणपाटाचा नि खालच्या नदीचा. वाहनांसाठी शेजारी वेगळा पूल झाल्यापासून या म्हाताऱ्याच्या पाठीवर भाजीवाल्यांनी संसार मांडले आहेत. सुलतानाच्या हत्तींसाठी बांधलेल्या त्या 35 फुटांत दोहो बाजूंना वांगी, भेंडी, अंबाड्याच्या जुड्या, नि मधून माणसांची रीघ.

खाली मुशी. तिच्याविषयी काय लिहावे? 1908 च्या 28 सप्टेंबरला हिनेच शहर बुडवले आणि हजारो माणसे नेली. चादरघाट, अफझल आणि मुसल्लमजंग हे तिन्ही पूल त्या लोंढ्यात गेले. दोन्ही तीरांना जोडणारा उरला तो हाच एक. आमच्या पणजोबांनी त्या आठवड्यात कारवानकडच्या नातलगांना याच पुलावरून पीठ पोचवल्याचे आजी सांगे. पुढे विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्यावरून वर उस्मानसागर (1920) नि हिमायतसागर (1927) झाले आणि पूर आवरला गेला. 2020 च्या ऑक्टोबरात तिने पुन्हा एकदा हात दाखवला खरा. एरवी मात्र आज त्या कमानींखालून जे काळे पाणी वाहते, त्यात घोडा घालायला कोणताही शहाजादा धजणार नाही.

मी कठड्याशी उभा राहून पाहू लागलो. लोखंडी जाळी कुठेच दिसेना. दगड, चुना, गवत, एका सांधीतून उगवलेले पिंपळाचे रोप. इथे कुलूप अडकवावे तरी कशाला? शाळा तपासणीस आल्यासारखा मी कठडा न्याहाळत असताना मागून हाक आली, ‘मास्टरसाब, क्या ढूँड रै? भेंडी लेलो, ताजी है.’

ही बाई मला ओळखते. तिचा नातू आमच्या शाळेत होता. मी म्हणालो, ‘हा पूल कुणी बांधला, ठाऊक आहे का?’ मास्तरांची सवय, दुसरे काय.

‘मालूम नै क्या? बादशा का बेटा मुहब्बत करा था बोलते. नदी में डूबता था. बाप पुल बना को दिया.’ तिने भेंडी तोलून पारडे माझ्या पिशवीत उलटले आणि सहज म्हणाली, ‘ऐसे बाप कां मिलते साब!’

मी पैसे दिले. सुटे परत घ्यायचे राहिले. तिनेच हाक मारून दिले. तेव्हा तिच्या हातगाडीकडे माझे लक्ष गेले. चाकातून साखळी घातलेली, साखळीला हातभर लांबून दिसेल असे जाड पितळी कुलूप. रात्री गाडी इथेच ठेवावी लागते म्हणाली. ‘आणि किल्ली?’ गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवलेली किल्ली तिने पदराआडून काढून दाखवली नि पुन्हा आत टाकली.

त्या कठड्याला टेकून मी बराच वेळ उभा होतो. 1997 साली आमचे लग्न झाले. ही नांदेडची. तिला ना उर्दू येई, ना तेलुगू. पहिल्या महिन्यात एका संध्याकाळी तिला शहर दाखवायला म्हणून मी या पुलावर आणले आणि भागमतीची कथा सांगितली, अगदी रंगवून. त्या वेळी वजाबाकी मला माहीत नव्हती. ही ऐकत राहिली आणि म्हणाली, ‘अहो, पूल झाल्यावर भागमती कधी माहेरी गेली का हो?’ मला उत्तर देता आले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी नांदेडच्या गाडीची दोन तिकिटे काढली होती, हे तिथे उभ्या उभ्या आठवले.

घरी आल्यावर भेंडी ओट्यावर ठेवून मी हिला सगळे सांगितले. भाजीवाली काय म्हणाली तेही. ही काही बोलली नाही. जरा वेळाने म्हणाली, ‘मला ते किल्ली नदीत टाकणं काही आवडलं नाही. आपण दर्ग्याच्या जाळीला नवसाचा दोरा बांधतो, तो मनातलं झालं की सोडून यावा लागतो. वडाला दर वर्षी नवा गुंडाळावा लागतो. एकदा कुलूप घातलं नि मोकळे झालो, असं असतं का संसारात?’ आणि मग, ‘पण पोरं आहेत. त्यांना काय कळतंय. तुम्ही उत्तर लिहा आधी.’

त्या रात्री मी लिहिले. मोबाइलवर मला लांब लिहिता येत नाही, म्हणून कागदावर लिहून हिच्याकडून त्याचे छायाचित्र काढवले. कमानी किती, लांबी किती, पाँ नफ आणि पुराना पूल एकाच वर्षाचे कसे, 1908 ला काय झाले, सारे लिहिले. भागमतीची कथा लिहिली आणि तिच्यातली तेरा वर्षांची अडचणही लिहिली. लेकीला खोटे का सांगा? भाजीवालीचे वाक्य लिहिताना हात अडला, पण लिहिले. शेवटी, आपल्या पुलावर कुलूप लावायला जागा नाही, तेव्हा तुम्ही दोघे याल तेव्हा नुसतेच चालून येऊ, असे लिहिले. ‘दोघे’ हा शब्द मी प्रथमच लिहीत होतो.

उत्तर दोन मिनिटांत आले. त्यात शब्द नव्हते. त्या तरुणाचे स्वतःच्या हस्ताक्षरातले मराठी होते. ‘बाबा’ला काना एकच दिला होता आणि ‘नमस्कार’ मात्र अचूक होता. मी लाल पेन हाती घेतले नाही, एवढे हिला सांगितले; तिने मान डोलावली.

जावयांचे आईवडील हनमकोंड्याहून येत्या रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे आहेत. हिने पुरणपोळ्यांचे ठरवले आहे. त्यांच्याकडेही त्या करतात आणि ‘पोलेलू’ म्हणतात, असे मुलीने कळवले. भाजी आणायला सकाळी मीच पुराना पुलावर जाणार आहे.